कान्ह्याच्या वाटेवरची हाळी

टाकव्याहून निघाले तेव्हा आभाळ उघडलं होतं. मामांच्या बैलगाडीत मागं बसून मी स्पॅनिश क्रियापदं घोकत होते. लोणावळ्याच्या एका बंगल्यातलं कुटुंब आर्जेंटिनाला परत निघालं होतं आणि प्रवासात मुलींना सांभाळायला त्यांना बाई हवी होती. माझे यजमान तिथल्याच बंदरावर कारकून. नोकरी मिळाली तर आगबोटीचं तिकीट मिळणार. नाही तर त्यांची भेट कधी, देव जाणे!

मागच्या खेपेला सेन्योरा (बाईसाहेब) म्हणाल्या होत्या, "क्रियापदं बिनचूक आहेत. पण तुमच्या आज्ञेनं मांजरसुद्धा हलणार नाही. पुन्हा एकदा या."

आज्ञा करणं तसं सोपं. 'तो जेवतो' म्हणजे 'कोमे', आणि 'जेव!' म्हणायलाही 'कोमे'च. 'ती ओढते' ते 'तिरा', 'ओढ!' तेही 'तिरा'. फरक आवाजाचा, आणि आमच्या घरात बायकांचा आवाज माजघराबाहेर जात नसे.

कान्हे स्टेशन दिसू लागलं आणि चाक चिखलात रुतलं. गाडीवान आबांनी बैलांना चुचकारलं, पण गाडी ढिम्म. शेजारच्या खाचरांत आवणी (भाताची लावणी) चालली होती. तिथली माणसं हातातली रोपं टाकून आली, चाकांना भिडली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"घाला की हाळी (मोठ्यानं साद), ताई," आबा म्हणाले.

"मी?"

"व्हय. आमच्या हितं ज्याची नड, त्यानंच हाळी घालायची. त्याबिगर कुनी जोर लावत न्हाई."

मी "चला" म्हटलं. एक मावशी खो-खो हसली. "आमास्नी न्हाई आयकू आलं!"

लांबून आगगाडीची शिट्टी आली आणि माझा धीरच सुटला. सकाळपासून घोकलेलं तेच तोंडातून बाहेर पडलं. "तिरा! एंपुखा (ढकल)! तिरा!"

अर्थ कुणीच विचारला नाही. बैलांनी माना खाली घातल्या, माणसांनी खांदे लावले आणि चाक सुटलं. मावशीनं माझ्या हातात ठेचा-भाकरी कोंबली. मी धावत आगगाडी गाठली. लुगडं चिखलानं माखलेलं. कामशेतपर्यंत भाकरी पुरली, हसू मात्र लोणावळ्यापर्यंत.

बंगल्यात पोचले तर दोन्ही मुली पेरूच्या झाडावर. "उतरवा पाहू," सेन्योरा म्हणाल्या. मी लुगड्यावरच्या चिखलाकडे पाहिलं. नड माझी होती.

"बाखा (उतर)!"

थोरली उतरली, मागोमाग धाकटी. माळीही खुरपं टाकून ताठ उभा राहिला. सेन्योरा पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "सामान बांधायला घ्या."

संध्याकाळी आबा कान्ह्याला गाडी घेऊन थांबले होते.

"जातेय, आबा!" माझा घसा पार बसला होता.

"ब्येस झालं!" आबांनी बैल हाकले. जरा वेळानं म्हणाले, "लय लांब हाय म्हनं त्ये."

"हो." इतका आनंद झालेला, तरी डोळे भरून आले.

"तितं कुटं गाडी रुतली, तर अशीच हाळी घाला. आयकू येवो न येवो, आमी हितनं जोर लावू."