पूजेच्या दिवशी पेटवलेली भट्टी

लोहारकाम करणाऱ्या सुडलैमुत्तु आसारींची भट्टी वर्षातून एकच दिवस थंड असे, नवरात्रातल्या आयुधपूजेचा. आदल्या संध्याकाळी त्यांची बायको पेच्चियम्मा ऐरण राखेनं घासून लख्ख करी. सकाळी हातोडे, सांडश्या, कानशी देवीसमोर केळीच्या पानांवर मांडल्या जात, प्रत्येकाला चंदन-कुंकवाचा टिळा लागे. गिऱ्हाइकांचे तयार कोयतेही त्याच ओळीत. दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत त्यातलं काहीही हलवायचं नाही. माझं फुलांचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे. हार माझ्याच हातचे असत, म्हणून त्या दिवशी मी तिथंच होते.

इसक्किपांडी नऊच्या सुमाराला आला. त्याचं आणि त्याचा थोरला भाऊ माडसामी याचं विहिरीवरून दोन वर्षं चाललं होतं. मोटर कुणी किती वेळ चालवायची, एवढीच गोष्ट. पण माडसामीनं एकदा चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली होती. महिन्यापूर्वी इसक्कीनं कोयता सांगितला होता, नेहमीपेक्षा वीतभर लांब आणि टोकाशी जड.

"आसारी, माझा कोयता द्या."

"पूजेत आहे. उद्या ये."

"आजच हवाय."

"आज कसली रे तोड काढलीस? गावात कुणी झाडाला हात लावत नाही आज."

"तेच तर." इसक्की हसला. "आज सगळ्यांचे हात रिकामे असतात. आमचे अण्णा विहिरीवर मोटरीला हार घालत बसले असतील."

मी हारातली सुई तशीच धरून राहिले. आसारी पुढे झाले, चुरमुरे आणि गूळ त्याच्या ओंजळीत घातला.

"देवीसमोरचं हत्यार मी उचलणार नाही, तुलाही उचलू देणार नाही. उद्या सकाळी घेऊन जा."

इसक्कीनं चुरमुरे तिथंच उंबऱ्यावर टाकले. "उद्या तर उद्या," म्हणाला. "मला काय, घाई नाही."

तो गेल्यावर पेच्चियम्मा म्हणाली, "देऊच नका त्याला. सांगा, तडा गेला म्हणून."

"मग तो बाजारातून दुसरा आणेल. तो कुणाच्या हातचा असेल, कसा असेल, मला काय माहीत? हा निदान माझ्या हातात आहे."

आधी ते माडसामीकडे गेले, चार दिवस मुलीकडे तेनकाशीला जा म्हणून सांगायला. माडसामी त्यांच्यावरच हसला. "तो? त्याला कोंबडी कापायला बायको लागते, आसारी."

ते परत आले तेव्हा उन्हं डोक्यावर होती. दार लावून घेतलं. जरा वेळानं भात्याचा आवाज आला. पूजेच्या दिवशी तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. भिंतीच्या फटीतून पाहिलं, तर पेच्चियम्मा भाता ओढत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. आसारींनी देवीसमोरून तो एकच कोयता उचलला, पुढचा अर्धा भाग लालबुंद केला आणि राखेच्या ढिगात खुपसला. असं हळूहळू निवू दिलं की पोलादाचा जीव जातो. दिसायला तसंच, पण आतून मऊ. तिन्हीसांजेला त्यांनी तो घासून चकचकीत केला, नवा टिळा लावला आणि होता तिथं ठेवला. मग देवीसमोर आडवे झाले ते बराच वेळ उठले नाहीत.

सकाळी इसक्की कोयता घेऊन गेला.

अकराव्या दिवशी त्यानं विहिरीवर भावाला गाठलं. पहिला घाव खांद्यावर बसला, मांस फाटलं. दुसरा माडसामीनं चुकवला, तो मोटरीच्या लोखंडी पाइपावर आदळला आणि पातं वाकलं. तेवढ्यात माणसं धावली. माडसामी वाचला, पण त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. इसक्कीला सहा वर्षांची शिक्षा झाली.

पोलीस तो वाकडा कोयता आसारींकडे घेऊन आले होते. पात्यावर आसारींच्या भट्टीचा ठसा होता.

"तुमचंच काम ना हे? पत्र्याचं करता काय हल्ली?"

"माझंच," आसारी म्हणाले. "चुकलं."

ते गावभर झालं. नारळवाले, ऊसवाले एकेक करून दुसरीकडे जाऊ लागले. पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांत येईतो, आसारींचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाला शिरांचं दुखणं आहे. आसारींनी औषध घेतलं नाही. "देवीनं दिलेलं आहे, तिला हवं तेव्हा नेईल," एवढंच म्हणत. पेच्चियम्मा मात्र त्या दिवसापासून देवीशी बोलत नव्हती. फुलं घेताना मला म्हणायची, "हार तू घाल, मी नाही."

इसक्की गेल्या महिन्यात सुटून आला. भर दुपारी भट्टीच्या बाकावर येऊन बसला. केस पांढरे, आवाज अगदी मऊ.

"हात कसा आहे, आसारी?"

"आहे तसा आहे."

"आत माझ्याबरोबर एक लोहार होता. सगळं सांगितलं मी त्याला. तो म्हणाला, चांगलं पोलाद असं वाकत नाही. कुणीतरी मारून ठेवलं असणार."

पेच्चियम्मा आतून बाहेर आली आणि नवऱ्याच्या मागं उभी राहिली.

"मी मारलं," आसारी म्हणाले. "पूजेच्या दिवशी, दुपारी."

इसक्की त्यांच्या थरथरत्या हाताकडे बघत राहिला. मग उठला. "बरं झालं, विचारून घेतलं," म्हणाला आणि निघून गेला.

त्यानं पलीकडच्याच गल्लीत खोली घेतली आहे. रोज सकाळी इथून जातो, माझ्याकडे बघून मान हलवतो, भट्टीकडे बघत नाही. पेच्चियम्मा दार लावून घ्या म्हणते. आसारी ऐकत नाहीत. दार सताड उघडं टाकून, रस्त्याकडे तोंड करून बसतात.