अंतरपाट आणि शेवटचा निळा पट्टा

माझ्या भाचीचं लग्न सहा मिनिटांत दोनदा लागलं. दोन्ही वेळा नवरा तोच होता.

पहिल्या वेळेची जबाबदारी माझी आहे. ती मी तेव्हाही नाकारली नाही. माफी मात्र मागितली नाही आणि आजही मागणार नाही.

मुंबईला उतरणारी बरीच विमानं कर्जतवरून जातात. माथेरानच्या डोंगराआड होईपर्यंत आमच्या गच्चीवरून, दुर्बीण बरी असेल तर, शेपटीचा रंग ओळखता येतो. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून मी तो ओळखत असतो. (गावात याला ‘पेपरवाले आभाळ तपासतात’ असं म्हणतात.) माझा जीव एकाच कंपनीवर होता. पांढरं अंग, खिडक्यांखालून गडद निळा पट्टा, शेपटीवर केशरी पक्षी. त्या कंपनीच्या विमानात मी एकदाच बसलो. आत बसल्यावर पट्टा दिसत नाही, म्हणून पुन्हा गेलो नाही.

मग कंपनीला नवा रंग सुचला. पक्षी गेला, पट्टा गेला आणि शेपटीवर एक जांभळा ठिपका आला. शाईची दौत कलंडावी, तसा. एकेक विमान रंगून येऊ लागलं. शेवटी जुन्या रंगातलं एकच उरलं. आमच्या विमानवेड्यांच्या ग्रुपवर बातमी आली, की त्याची हैदराबादहून येणारी शेवटची फेरी रविवारी दुपारी आहे. त्यानंतर तेही रंगायला जाणार.

रविवारी दुपारी बारा पस्तीसला सायलीच्या लग्नाचा मुहूर्त होता.

सायली ही माझ्या थोरल्या बहिणीची, सुमनताईची मुलगी. ती माझ्या गच्चीवरच वाढली. पाढे पाठ होण्याआधी तिला शेपट्या पाठ होत्या. मी तिला ग्रुपवरचा निरोप दाखवला. ती म्हणाली, “मामा, मला काही वर बघता यायचं नाही. तू बघ. दोघांचं मिळून बघ.”

अडचण एकच होती. आमच्याकडे अंतरपाटाचं एक टोक मुलीच्या मामानं धरायचं, दुसरं मुलाच्या मामानं. म्हणजे ऐन वेळी माझे दोन्ही हात कामात. मी हिशोब मांडला. विमान कर्जतवर बारा एकोणतीसला यायला हवं. कंपनी नेहमीच उशिरा. म्हणजे लग्न लागल्यावर, हात मोकळे झाल्यावरच ते येणार. मी निर्धास्त झालो आणि मांडववाल्याला बोहल्यावरचं एक कापड लावू नको म्हणून सांगितलं.

“का हो?” तो म्हणाला.

“हवा खेळती राहील.”

त्या फटीतून हवा आली नाही, वैशाखाचं ऊन आलं. ते नेमकं नवऱ्याच्या डोक्यावर पडलं. नवरा खालापूरकडचा, शांत स्वभावाचा, त्यामुळे तो नुसता घाम गाळत उभा राहिला. त्याचे मामा गणपतदादा शांत स्वभावाचे नव्हते. भातशेती करणारा माणूस, मनगट माझ्या पोटरीएवढं. अंतरपाटाचं दुसरं टोक धरून त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघितलं.

“आमचा पोरगा काय पापड हाय?” ते म्हणाले. “वाळत घातलाय त्यो.”

मंगलाष्टकं सुरू झाली. बारा एकोणतीसला आवाज आला.

अगदी वेळेवर. सगळ्या आयुष्यात ज्या कंपनीनं वेळ पाळली नाही, तिनं शेवटच्या फेरीला ती पाळली, असं मला वाटलं. मन भरून आलं. मन भरून आल्यावर हात दुर्बिणीकडे गेला. दोन्ही हात गेले.

अंतरपाट एका बाजूनं सुटला. वधूवरांनी एकमेकांना बघितलं. बेंजोवाल्यांना गर्दीत गुरुजींचं काही ऐकू जात नव्हतं. ‘कापड खाली आलं की वाजवा’ एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी वाजवलं. बेंजो वाजला म्हणून पाहुण्यांनी अक्षता टाकल्या. अक्षता पडल्या म्हणून मागच्या चार रांगा जेवायला पळाल्या. गुरुजींची तीन मंगलाष्टकं शिल्लक होती.

“बाळ्या,” सुमनताई म्हणाली, “काय केलंस रं हे?”

मी वर बघत होतो. ऊन डोळ्यात, दुर्बीण हलतेय, काहीतरी पांढरं सरकतंय. “आलं,” मी म्हणालो. “आपलं आलं.”

सायलीनं मुंडावळ्या बाजूला सारून नुसत्या डोळ्यांनी वर बघितलं.

“मामा,” ती म्हणाली, “नव्या रंगातलंय ते. ठिपका बघ.”

ठिपका होता. ते त्याच कंपनीचं दुसरंच विमान होतं. तीस वर्षं मी लोकांच्या बातम्या ‘खात्री केली का’ म्हणून परत पाठवल्या होत्या.

गुरुजी अनुभवी होते. ते म्हणाले, “मुहूर्त अजून यायचाय. अंतरपाट धरा. मघाशी झालं ते झालंच नाही.” अक्षता संपल्या होत्या. काहींनी आपल्या खांद्यावरच्या वेचल्या, बाकीच्यांना आचाऱ्यानं पुलावासाठी काढलेले तांदूळ दिले. पंगतीतून लोक परत आले, एका हातात जिलबी, दुसऱ्यात तांदूळ. मी टोक पुन्हा धरलं. गणपतदादांनी आपलं टोक डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातानं माझं मनगट धरलं.

“आता सोडा बघू,” ते म्हणाले. “विमान नाय लागणार, मीच तुमाला वर पाठवतो.”

बारा पस्तीसला, ‘सावधान’च्या आधी, आवाज आला. सहा मिनिटं उशिरा. म्हणजे कंपनी उशीर करणार हा माझा अंदाज बरोबर होता, हे इथं नोंदवायला हवं.

“मामा, पक्षी!” अंतरपाटापलीकडून सायली म्हणाली. “पट्टा पण दिसतोय.”

“खाली बघा,” गणपतदादा म्हणाले.

मी सोडून सगळ्यांनी वर बघितलं. बेंजोवाल्यांनी, आचाऱ्यानं, नवऱ्यानं, सुमनताईनं. गुरुजी ‘सावधान’ आभाळाकडे तोंड करून म्हणाले. अक्षताही विमानाच्या दिशेनंच उडाल्या. मी अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाकडे बघत राहिलो. त्याची डावी भुजा थोडी आखूड होती.

संध्याकाळी घरच्यांनी बैठक घेतली. दुर्बीण सुमनताईकडे जमा करावी, असं ठरलं. मी नकार दिला. मनगट सुजलं असताना दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गच्चीवर होतो. आता जांभळे ठिपकेच येतात. मी तेही बघतो आणि प्रत्येकाला नावं ठेवतो.

त्या मुहूर्ताचा फोटो सुमनताईच्या दिवाणखान्यात आहे. दोनशे माणसं आ वासून आभाळाकडे बघतायत आणि एकटाच माणूस मान खाली घालून अंतरपाट धरून उभा आहे. नवे पाहुणे आले की ताई सांगते, “ह्यो माझा भाऊ. येवढ्या लोकांत लगनाकडं लक्ष फक्त याचंच.”

मी खुलासा करत नाही. माझं मनगट धरलेला गणपतदादांचा हात अंतरपाटाआड गेला आहे.