इराचा पहिला प्रेस

लेकीच्या यंत्राबद्दल मी पाहुण्यांशी खोटं बोललो, ही चूक माझीच. आज आमच्या अमेरिकेतल्या, चँडलरच्या गॅरेजमध्ये पितळ आणि तेलाचा वास आला आणि ती जुनी दिवाळी आठवली.

नेमबाजी शिकणाऱ्या इरानं वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरायला पहिला प्रेस, म्हणजे दांडीनं दाबायचं यंत्र, निवडला होता. “सिंगल स्टेज, बाबा. एका वेळी एकच काम. बिगिनरला हाच बरा,” ती हौसेनं सांगत होती.

फराळाला आलेल्या काकूंनी त्याची दांडी धरली. “हे काय रे?”

“चकलीचा अमेरिकन सोऱ्या!” मी म्हणालो. सगळे हसले. इरानं प्रेसवर चादर टाकली.

आज ती काडतुसांची दारू तोलायला नवा वजनकाटा निवडत होती. मी शेजारी बसलो.

“सॉरी, बाळा. लोक काय म्हणतील, याला घाबरलो. हा माझ्या मुलीचा प्रेस आहे, असं तेव्हा सांगायला हवं होतं.”