चतकोर कोनाची?

कन्नडच्या स्टँडवर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बसच्या खिडकीतून एक गाठोडं माझ्या मांडीवर दिलं. लग्नाला आठ दिवस झाले होते. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता आणि बसच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं असायचं. गाठोड्यात ज्वारीच्या पाच भाकरी आणि ठेचा. निरोपाच्या वेळी बाप लेकीला सासरी कसं वागावं ते सांगतो. माझा बाप भाकरीबद्दल बोलला. "पावन्याच्या ताटात अख्खी भाकर ठिवावी, बाई. त्याला मोडू द्यावं." मी मान हलवली. बस हलली तसे ते मागं वळून बघायचं टाळत मेंढरांच्या वाटेला लागले.

त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून मी त्याच शहरातल्या गारखेड्यात राहते आणि या जागेला फ्लॅट म्हणते. घरी जाते म्हटलं की सगळ्यांना कळतं, ही गावाला निघाली.

गावाकडं राहिलेल्या माझ्या बहिणींनो, तुम्हाला वाटतं आम्ही इथं मजेत खातो-पितो. ऐका तर मग. आणि माझ्यासारख्या इथं येऊन राहिलेल्यांनो, तुम्ही हसू नका, तुमच्याही फ्रिजमध्ये आत्ता चिया भिजत असेल. आमच्या इमारतीत बायकांचा एक ग्रुप आहे, 'कमी खा, छान दिसा'. चालवतात वरच्या मजल्यावरच्या सुनीतामॅडम. दर शनिवारी त्यांच्या हॉलमध्ये जमायचं आणि कमी कसं खायचं ते शिकायचं. कमी खायला शिकवणी लागते हे गावात सांगितलं, तर लोक मलाच दवाखान्यात नेतील. मॅडम घासाला पोर्शन म्हणतात. ताटाऐवजी बशी घ्या म्हणजे डोळे फसतात, असं त्यांचं ज्ञान. स्वतःच्याच डोळ्यांना फसवायचं आणि वर त्याचा फोटो टाकायचा. काकडी मधून कोरून तिची होडी करायची, आत दोन चमचे दही, वर डाळिंबाचे चार दाणे. मोड आलेले मूग वाटीच्या बुडाला. मखाणे सात. आठवा तोंडात गेला तर ग्रुपवर कबुली द्यायची. पदार्थांचा काही दोष नव्हता, करायला सोपे होते, अंगालाही चांगले. पण ते खाताना या बाया अशी तोंडं करायच्या की उपास करून देशावर उपकार चालले आहेत. क्लास संपला की ह्याच कॅनॉट मार्केटला जाऊन पावभाजीवर जास्तीचं लोणी मागून घ्यायच्या.

आणि मी कोण मोठी शहाणी लागून गेले? मीही सात मखाणे मोजले आणि होडीचा फोटो टाकला. माझ्या फोटोखाली मॅडमनी टाळ्या वाजवणारे हात टाकले, तर दिवसभर मी अभिमानानं फुगले होते. मेंढक्याची पोर, काकडीची होडी करून टाळ्या मिळवते.

गेल्या वर्षी अण्णांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जठराचा बराचसा भाग काढावा लागला. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, एका वेळी थोडंच खायचं, पण दिवसातून सहा वेळा, नीट चावून. खाणं सुटलं आणि वजन असंच उतरत गेलं, तर पुढचं सांगता येणार नाही. आई आधीच गेलेली, भाऊ दिवसभर शेतात, म्हणून मी त्यांना इथं आणलं. खरं सांगते, मला मनातून जरा बरंच वाटलं. थोडं थोडं खाणं हाच तर माझा विषय होता, मी त्याचा क्लास केला होता.

पहिल्या दिवशी त्यांच्यापुढं होडी ठेवली. अण्णांनी ती उचलून खालून-वरून पाहिली. "खायाची हाय का पान्यात सोडायची?" मी हसले, ते हसले नाहीत. होडी तशीच राहिली.

दुपारी भाकरी केली. सुरी घेतली, चार सारखे तुकडे कापले, एक निळ्या बशीत ठेवला, बाजूला मुगाच्या डाळीची भाजी. मॅडमनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. अण्णांनी बशीकडं पाहिलं, मग दाराकडं.

"दारात कोन आलंय, बाई?"

"कोणी नाही, अण्णा."

"मग ही चतकोर कोनाची?"

आमच्याकडं चतकोर भाकरी दारात आलेल्या मागणाऱ्याला देतात, नाहीतर कुत्र्याला टाकतात. घरच्या माणसाच्या ताटात ती पडत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बावीस वर्षांत मी विसरले, आणि माझ्याच बापाला चतकोर वाढली, तीही सुरीनं कापून. त्यांनी बशी हळूच सरकवली आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

पुढं चार दिवस ते दोन-दोन घोट दुधावर होते. जेवण समोर आलं की "भूक नाय", आणि एरवी "मला घरी धाड". गळ्याखालची हाडं वर आली. सदरा अंगावर लोंबायला लागला. मी डॉक्टरांचं सांगून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, रंगीत प्लेटमध्ये द्या, म्हातारी माणसं रंगांनी अट्रॅक्ट होतात. त्या दिवशी मी ग्रुपमधून बाहेर पडले.

पाचव्या दिवशी तपासणीला जायचं होतं. निघायच्या घाईत मी अख्खी भाकरीच एका धुतलेल्या फडक्यात बांधली आणि आत डाळीची कोरडी भाजी घातली. दवाखान्यात आमचा नंबर बराच मागं होता. अण्णा म्हणाले, भाईर बसू. आवारात लिंबाखाली बसलो. त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं, सोडलं, भाकरीवरून हात फिरवला. मग चार बोटांनी तिची एक कड मोडली. बरोब्बर चतकोर. भाजीला लावून एक एक घास कितीतरी वेळ चावत राहिले. उरलेली फडक्यात बांधली आणि बाजूला ठेवली. नंबर यायच्या आधी पुन्हा सोडली आणि पुन्हा एक चतकोर खाल्ली.

मी बघत बसले. मला बांधावरचे अण्णा आठवले. मेंढरांमागं चालताना कमरेचं फडकं सोडून ते दिवसभर असंच खायचे, इथं कड मोडून, तिथं मूठभर भिजलेले हरभरे, कुठं बोरं. एकाच वेळी पोटभर जेवताना मी त्यांना रानात कधी पाहिलं नव्हतं. सहा वेळा थोडं थोडं, हे त्यांना डॉक्टरनं सांगायची गरजच नव्हती. गरज होती ती मला स्टँडवरचं अर्धं वाक्य आठवायची. अख्खी ठेवायची एवढंच माझ्या ध्यानात राहिलं होतं आणि तेही मी पाळलं नाही. त्याला मोडू द्यावं, हे तर पार पुसून गेलं होतं. मला माझीच किळस आली.

तेव्हापासून रोज सकाळी अख्खी भाकरी फडक्यात बांधून त्यांच्या उशाशी ठेवते. कधी सोबत भाजी, कधी वाटून घेतलेला दाण्याचा कूट, हरभऱ्याऐवजी मऊ शिजवलेली मटकी. ते गॅलरीत बसतात, मन होईल तेव्हा सोडतात. संध्याकाळी फडकं रिकामं होऊन घडी करून परत येतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी वजन पाहून मान डोलावली. जिन्यात सुनीतामॅडमनी गाठून विचारलं, पोर्शन कसा कंट्रोल केला. मी म्हणाले, फडक्यात बांधून. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुपवर 'मिलेट पोटली' टाकली, वर लाल रिबन. करोत बिचाऱ्या.

परवा गावाहून भावाचा फोन आला. अण्णा गॅलरीत होते, फडकं मांडीवर सोडलेलं. भाऊ विचारत असावा, कुठं निघालात का, जेवलात का. अण्णा घास गिळून म्हणाले, "कुठं जातू? घरीच हाय की."

भावाला काही समजलं नसावं. अण्णांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"आरं घरी. गारखेड्याला."

बावीस वर्षांत या जागेला कुणी घर म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी आत परातीत आणखी एका भाकरीचं पीठ घेतलं.