अण्णांच्या नजरेला जुळवलेलं मीटर

माझ्या लॅपटॉपवर एकाच सर्किटच्या चार फाइली आहेत. वडिलांची नजर महिन्यामहिन्याने कशी गेली, ते त्यांत लिहिलेलं आहे. लिहिणारी मीच, आणि मला ते वाचता आलं नाही. पुसायला हात होत नाही.

नांदेडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पोरांना प्रॅक्टिकलला द्यावं म्हणून उजेड मोजायचं मीटर करायला घेतलं. तसं सोपं आहे. फोटोडायोडवर उजेड पडला की अगदी बारीक करंट वाहतो. ऑप-अँपची चिप आणि तिला जोडलेला रेझिस्टर, म्हणजे रोध, त्याचं व्होल्टेज करतात. रेझिस्टर मोठा, तर आकडा मोठा. लॅपटॉपवरच्या सिम्युलेशनमध्ये डायोडच्या जागी वीस मायक्रोअँपिअरचा करंट सोर्स टाकला, रेझिस्टर एक लाख ओहमचा. बरोबर दोन व्होल्ट आले. ब्रेडबोर्डवर खरं सर्किट जोडलं, तर खिडकीपाशीही जवळपास तेवढेच.

पण खरी परीक्षा हदगावला होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. लग्नाच्या मांडवात नुसतं वर बघून ते उजेडाप्रमाणे कॅमेरा लावायचे आणि फोटो कधी काळा आला नाही. मीटर ओसरीत ठेवलं. त्यांनी अंगणाकडे पाहिलं आणि म्हणाले, हे वाढवून सांगतं, उजेड एवढा न्हाई.

त्या डोळ्यांपुढे माझी पदवी काय? मी ब्याऐंशी हजारांचा रेझिस्टर लावला, नवी फाइल केली. पुढच्या महिन्यात तेच, म्हणून अडुसष्ट. मग सत्तेचाळीस. दर खेपेला ते आधीपेक्षा कमी उजेड सांगत होते, आणि मी डायोडला दोष देत होते. सर्किटचा आकडा असा महिन्यामहिन्याला आपोआप सरकत नसतो, हे मी वर्गात पोरांवर ओरडून सांगते. स्वतःच्या घरी अक्कल गहाण ठेवली होती.

एक दिवस त्यांनी चहाचा कप टिपॉयच्या कडेबाहेर ठेवला. तेव्हा कुठं मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नांदेडला आणलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून टिकवायची, असं डॉक्टर म्हणाले. चार महिने आधी आला असतात तर बरीच राहिली असती, हेही म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी सगळं सांगून टाकलं, रेझिस्टर, फाइली, तारखा. वाटलं, रागावतील. मला ते हवंच होतं. त्यांनी माझा चेहरा दिसावा म्हणून मान जरा तिरकी केली.

"म्हंजे पहिल्या दिवशी तुझं मीटर खरं सांगून राहिलं होतं?"

"हाव, अण्णा."

"लई चांगलं केलंस की माय," ते म्हणाले, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कौतुकानं सांगू लागले, की लेकीनं बनवलेलं मीटर पहिल्या फटक्यात बरोबर निघालं.