टाकेमावशी टकळी शिकतात

पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनवर बसणाऱ्या बाईंना सगळे टाकेमावशी म्हणत. खरं नाव दुसरं काहीतरी होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवायचं. मालक गिऱ्हाइकाला सांगत, "मावशींनी घातलेली दुमड मोजपट्टी लावून बघा, केसाइतकी हलायची नाही." त्यावर मावशी आतून म्हणत, "आधी मोजपट्टी शोधा म्हणावं. सकाळपासून सापडत नाहीये."

मग डोळ्यांनी दगा दिला. बघावं त्या वस्तूच्या नेमक्या मधोमध धुरकट डाग यायला लागला. माणसाचे कान दिसत, केस दिसत, नाक तेवढं गायब. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती औषधाने टिकवू. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. "सगळ्यांची नाकं बघून तरी मला काय करायचंय," म्हणाल्या. एक लांबलचक पडदा तिरका शिवला गेला आणि गिऱ्हाइकाने परत आणला, तेव्हा त्यांनी स्वतःच मशीनवर कापड झाकलं आणि दुकान सोडलं.

डोळ्यांचं दुःख होतंच, पण भीती मात्र वेगळीच होती, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. घरी आल्यापासून हातातल्या वस्तू पडायला लागल्या होत्या. ओट्यावर ठेवलेला कप ओट्यावर राहत नसे. किल्ली कुलपात जाईना. बशी तर अशी सुटली की सून धावत आली. मावशींच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी तिला बटण लावता येईना, मग चमचा धरता येईना, मग बोटं सगळंच विसरली, आणि बोटांमागून बहीणही हळूहळू विसरत गेली. शेवटी शेवटी धाकटीला बघून विचारायची, "तुम्ही कोणाकडे आलात?" तिची बोटं आठवली की मावशी आपले हात पदराखाली घेऊन बसत. डोळ्यांचं एक वेळ जमवून घेता येईल, पण हात गेले तर आपणही तिच्याच वाटेने निघालो, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

सून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. समोरच्या वाचनालयाच्या दारावर तिने पाटी वाचली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, तुमचं नाव घालून आले. दर शनिवारी दुपारी. हाताने सूत कातायला शिकवणार आहेत. नवशिक्यांसाठी आहे."

"मी नवशिकी? माझा जन्म दोऱ्यात गेला."

"दोरा वापरण्यात गेला. तो करायला येतो का?"

"मला सुईचं भोक दिसत नाही, आणि तू मला सूत कातायला पाठवतेस?"

"यात सुई नाहीच. मी विचारलं."

"दिवसभर घरात नको असेन तर तसं सांग सरळ."

"नकोच आहात. भांडी फोडता," सून हसत म्हणाली. तिने ते गमतीनेच म्हटलं होतं, पण मावशींना ते लागलं. मग त्याच भरात त्यांनी जायचं ठरवलं. हात चालतात की नाही, ते एकदा परक्या माणसांतच कळू दे. तिथे फजिती झाली तर घरापर्यंत येणार नाही.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत लांब टेबल होतं आणि भोवती लोखंडी खुर्च्या. शिकवणारी तरुण होती, आवाज खणखणीत. मावशींच्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त बस ड्रायव्हर येऊन बसले. त्यांनी आल्या आल्या लोकरीचा पुंजका नाकाशी धरला आणि म्हणाले, "या मेंढीने आंघोळ केलेली दिसत नाही."

"तुम्ही केली आहे ना?" मावशी म्हणाल्या. "मग झालं."

तेव्हापासून दोघांची गट्टी जमली.

पहिल्या दिवशी लोकर पिंजली. दोन दातेरी फळ्यांमध्ये घेऊन इकडून तिकडे ओढायची, केस सरळ झाले की गुंडाळून हलका पेळू करायचा. मग टकळी आली. खाली जड चकती असलेली लाकडी काडी, आणि तिला बांधलेला धागा. वरच्या हाताने पेळूतून लोकर सोडायची आणि टकळी गरगर फिरवून अधांतरी लोंबकळू द्यायची. शिकवणारी म्हणाली, "चुटकी वाजवता ना, अगदी तश्शी फिरवा. जड जाणार नाही."

सगळ्यांच्या टकळ्या धपाधप जमिनीवर पडल्या. मावशींचीही पडली. पडली की त्या आधी आपल्या हाताकडे बघत आणि मग टकळीकडे. ड्रायव्हर मात्र प्रत्येक वेळी वाकून म्हणत, "शेवटचा थांबा. सगळे उतरा."

पुढच्या शनिवारी मावशींची टकळी पडायची थांबली. एकदा बघण्याचा नाद सोडला तेव्हा बोटांना आपोआप कळू लागलं. लोकर किती सोडायची, पीळ कुठवर चढला, कुठे बारीक होऊन तुटायला आलंय, हे अंगठ्यालाच लागायचं. धागा सुटत राहिला, टकळीवर चढत राहिला. मावशींना जरा धीर आला. पण पुरता विश्वास काही बसेना. बहिणीचेही काही दिवस बरे जायचे.

शेवटच्या शनिवारी दोन धागे एकत्र करून दुपदरी सूत बनवायचं होतं. त्यात शिकवणारीची एक पद्धत होती. कोणी आपलं एकट्याचं सूत घरी न्यायचं नाही. एक पदर आपला, एक शेजाऱ्याचा, असं मिळून सूत करायचं आणि ते दोघांनी अर्धं अर्धं वाटून घ्यायचं.

"आता टकळी उलटी फिरवायची," ती म्हणाली. "काततानाच्या विरुद्ध. म्हणजे दोन्ही धागे एकमेकांना मिठी मारतात."

"म्हणजे रिव्हर्स गिअर," ड्रायव्हर म्हणाले.

त्यांनी टकळी फिरवली आणि मावशींनी दोन्ही धागे ताणून धरले. मिठी कसली, भांडणच जुंपलं. ड्रायव्हरांचा धागा सैल पडून पसरायला लागला, मावशींचा आवळत आवळत गेला, त्याच्या गाठी गाठी झाल्या आणि एकाएकी तुटला.

शिकवणारीने येऊन बघितलं. "मावशी, तुमचा पीळ फार झालाय वाटतं. परत करू या."

परत केलं, तेच झालं. मग तिने ड्रायव्हरांचा धागा समोर बसलेल्या मुलीच्या धाग्याला जोडून बघितला, तर सूत सरळ, गोल, मऊ. म्हणजे खोट कोणाच्या धाग्यात आहे ते सगळ्या टेबलाला दिसलं.

मावशींनी हात टेबलाखाली घेतले. चेहरा तसाच ठेवला. परक्या माणसांतच कळू दे असं म्हणाल्या होत्या, ते आता कळलं होतं. बोटांना वाटत होतं की आपलं बरोबर चाललंय, आणि बोटं खोटं सांगत होती. बहीणही बटण चुकीच्या काजात घालून म्हणायची, बघ, लावलं की नाही. सूनबाई घ्यायला येईल तेव्हा तिला काय सांगायचं, ते मावशी मनात जुळवू लागल्या.

"राहू दे ताई," त्या शिकवणारीला म्हणाल्या. "माझं वय झालं."

"वय माझंही झालंय," ड्रायव्हर म्हणाले. "मी कुठे कोणाला सांगत फिरतो? मावशी, माझं सूत कमी पडतंय. थोडं कातून द्या."

त्यांच्या टकळीवर सुताचा डोंगर होता, तो धुरकट डागातूनही दिसत होता. पण नुसतं बसून राहणं त्याहून अवघड, म्हणून मावशींनी टकळी उचलली. सोबत म्हणून ड्रायव्हरांनीही आपली उचलली. दोघांच्या टकळ्या शेजारी शेजारी फिरायला लागल्या. ड्रायव्हर आपलं कातायचं सोडून बघतच राहिले.

"अहो ताई," त्यांनी शिकवणारीला हाक मारली. "जुन्या बसच्या काचेला दोन वायपर असायचे. एक इकडून यायचा, एक तिकडून. तसं चाललंय आमचं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी सरळ जातोय आणि मावशी पहिल्या दिवसापासून रिव्हर्समध्ये आहेत."

शिकवणारी वाकून बघू लागली. मग तिने सगळ्यांना सांगितलं, "जरा चुटकी वाजवा बघू."

टेबलाभोवती चुटक्या वाजल्या. सगळ्यांनी उजव्या हाताने वाजवली, टाकेमावशींनी डाव्या हाताने.

मावशी डावऱ्या होत्या. दुकानातली कात्री उजव्या हाताची, म्हणून कापायच्या उजव्याने, आणि सुई धरायच्या डाव्यात. मशीन तर दोन्ही हातांनी चालतं. त्यामुळे ही गोष्ट कधी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. खुद्द मावशींनाही विचार करावा लागला असता. डाव्या हाताची चुटकी टकळी उलट्या दिशेने फिरवते, म्हणून त्यांच्या धाग्याचा पीळ बाकी सगळ्यांच्या उलट पडला होता. ड्रायव्हरांच्या धाग्याचा पीळ ज्या दिशेने उकलायचा, त्याच दिशेने मावशींचा आवळायचा.

शिकवणारीने कपाळाला हात लावला. "चूक माझी. मी चुटकी म्हणाले, आणि कोणत्या हाताची ते बघितलंच नाही. तुमच्या सुतात काहीच खोट नाही, मावशी. या टेबलावर सगळ्यात एकसारखं तुमचंच आहे. आता तुमचेच दोन धागे घ्या आणि कातलंत त्याच्या उलटं फिरवा."

मावशींनी फिरवलं. दोन धागे एकमेकांवर अलगद बसले. शिकवणारीने ते सूत दोन्ही हातांत सैल सोडून धरलं, तर ते जराही वळवळलं नाही; पीळ बरोबर बसल्याची ती खूण. मावशींना ते नीट दिसलं नाही, म्हणून त्यांनी ते अंगठ्यातून हळूहळू ओढून बघितलं. कुठे फुगवटा नाही, कुठे गाठ नाही. बोटांनी खरंच सांगितलं होतं, आणि गेले कितीतरी दिवस मावशीच त्यांना खोटं पाडत होत्या.

"बरं आहे ना?" ड्रायव्हरांनी विचारलं.

"चहा मिळेल का कुठे?" मावशी म्हणाल्या. त्यांना भोकाड पसरावंसं वाटत होतं, पण चार माणसांत बरं दिसलं नसतं. त्यांनी चहा घेतला. ड्रायव्हरांनी आपल्या वाटणीचं सूत गेलं म्हणून खोटी तक्रार केली, तेव्हा मावशींनी त्यांना अर्धं तोडून दिलं.

घरी जाताना सून म्हणाली, "आई, आज गप्प का? कोणी काही बोललं?"

तेव्हा रस्त्याच्या कडेला, बंद दुकानाच्या पायरीवर बसून मावशींनी सगळं सांगितलं. बहिणीची बटणं, चमचा, आपल्या हातून पडलेले कप, सगळं. सून शेजारी टेकली. मग म्हणाली, "आई, तुम्ही कप ओट्यावर ठेवत नाही. ओट्याच्या बाहेर ठेवता. ओटा पांढरा, कप पांढरे, तुम्हाला कड दिसत नाही. तुमच्या हातून कप सुटलेला मी कधीच बघितला नाही."

"आणि बशी?"

"तिला साबण होता. ती माझ्याही हातून सुटली असती."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, दुकानाची आठवण येते म्हणून उदास असता. म्हणून तर नाव घातलं."

दुसऱ्याच दिवशी सुनेने ओट्याच्या कडेला गडद निळी पट्टी चिकटवली आणि पांढरे कप वरच्या फळीवर टाकले. तरीही हात आणि आठवण एकदा डॉक्टरांकडून तपासून घेऊ म्हणाली. पूर्वी मावशींनी या गोष्टीला शंभर कारणं सांगितली असती. या खेपेला आपणहून चपला घालून उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी बोटं उघडमीट करायला लावली, आकडे उलटे म्हणायला लावले, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. मावशींनी सगळे शब्द सांगितले, शिवाय डॉक्टरांच्या खिडकीचा पडदा एका बाजूला आखूड असल्याचंही सांगितलं. तो नजरेच्या कडेने दिसत होता.

"काही नाही तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "वयाच्या मानाने हात उत्तम आहेत."

बाहेर आल्यावर सुनेने डोळे पुसले. मावशी मात्र फणकारल्या.

"वयाच्या मानाने म्हणे," त्या घरापर्यंत सुनेला ऐकवत राहिल्या. "याचे हात काय करतात ते बघायला पाहिजे एकदा."