मिलिंद बाहेरच थांबला

फेब्रुवारीतला मंगळवार होता. कपडे मशीनमध्ये होते, कुकरची एक शिट्टी झाली होती आणि मी दुसरीची वाट बघत होते. मिलिंद सकाळी सायकलने ऑफिसला गेला होता. फोन त्याच्या मॅनेजरचा आला. तो फार हळू, फार स्पष्ट इंग्रजीत बोलला. दुसरी शिट्टी कधी झाली, ते मला आठवत नाही.

फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या घरी त्याच्यासाठी बुद्धवंदना झाली, माणसं बसली आणि तासाभरात कोणीतरी हसलं. माणूस गेला की त्याचे किस्से वाढत जातात. आमच्याकडे तर एका दिवसाचेच केवढे साठलेत! तो दिवस आदल्या ऑक्टोबरातला. मी, मिलिंद आणि जवळच्याच बेस्ट गावात राहणारे आमचे मित्र शिरीष-वैशाली फाल्केनबर्गला गेलो होतो. डोंगर, गरम पाण्याची कुंडं आणि कॅसिनो असलेलं गाव. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. मिलिंद म्हणाला होता, "एक दिवस नशिबावर सोडू."

*

हे म्हणणारा माणूस कसा? लॉकडाऊनमध्ये प्रत्येक गोष्टीची वेळ आधी घ्यावी लागायची, त्याची त्याला चटकच लागली होती. एकदा त्याने पोहण्याच्या तलावाची वेळ घेतली. पोहता आम्हा दोघांनाही येत नाही!

"अगं, स्लॉट रिकामा होता!"

*

दोन गाड्या बदलून पोचलो, तर गावभर धुकं. पिवळसर दगडाची घरं, आणि वर किल्ल्याचा तुटका बुरूज नुसता तरंगत होता. दीड वर्ष घरात बसलेल्या आम्हाला रस्त्यावरची माणसंसुद्धा स्वप्नातली वाटत होती. कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं.

शिरीष डोंगर शोधत होता. हॉटेलवाली म्हणाली, "तुम्ही डोंगरावरच उभे आहात."

वैशाली नाशिकची. म्हणाली, "आमच्याकडे याला स्पीड ब्रेकर म्हणतात!"

*

कॉफी प्यायची तरी लशीचा क्यूआर कोड दाखवायचा. चौथ्यांदा फोन काढताना शिरीष वैतागला. "आमचं लग्न ठरताना हिच्या मामांनीही एवढी चौकशी केली नव्हती."

"करायला हवी होती," वैशाली म्हणाली.

*

संध्याकाळी कॅसिनोच्या दारात आम्हा तिघांचे पासपोर्ट मशीनने घेतले. मिलिंदच्या वेळी लाल दिवा लागला. काउंटरवरच्या मुलीने आवाज खाली आणला.

"सर, तुम्ही जुगारापासून लांब राहणाऱ्यांच्या सरकारी यादीत आहात."

"चूक असेल. उलट मी आठवड्यापूर्वीच ऑनलाइन रजिस्टर केलंय. कन्फर्मेशनही आलंय!" त्याने अभिमानाने ईमेल दाखवला.

तिने तो शांतपणे वाचला. "हो सर. तुम्ही स्वतःच स्वतःला बंदी घातली आहे. सहा महिन्यांची."

"किती दिवसांसाठी, असं विचारलं होतं," मिलिंद मला म्हणाला. "मला एकच दिवस हवा होता. पण कमीत कमी सहा महिनेच होते!"

शिरीष भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या मास्कमधून कसलासा आवाज येत होता. मुलीने मिलिंदला व्यसनमुक्तीचं पत्रक दिलं आणि म्हणाली, "धीर सोडू नका."

त्याने तिथल्या तिथे ते उलटून बघितलं. मागे फॉर्म होता.

"पेन आहे का?"

*

"तुम्ही जा," तो म्हणाला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला.

शिरीष-वैशाली मशिनींकडे गेले. मी एकटीच हिंडले. गालिचा इतका जाड, की स्वतःची पावलं ऐकू येईनात. घड्याळ नव्हतं, खिडकी नव्हती. एक चाक सावकाश फिरत होतं आणि त्याच्यापाशी एक डच आजी बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर पुरुषाची करडी टोपी. कोणी बसायला आलं, की आजी मान हलवून नाही म्हणायच्या. दर डावाला त्या दोन चकत्या लावायच्या, एक स्वतःची, एक टोपीसमोरची.

मी बघत असताना टोपी जिंकली. आजींनी टोपीकडे असं काही रागाने बघितलं!

मी जवळजवळ धावतच बाहेर आले. हे मिलिंदलाच सांगायला हवं होतं. तो धुक्यात, लग्नातल्या ब्लेझरची कॉलर वर करून बसला होता.

"अरे, आत ना..."

"थांब, शुभा! सांगू नकोस." त्याने कानांत बोटं घातली. "एप्रिलमध्ये मी स्वतः बघणार. मजा घालवू नकोस."

परतीच्या गाडीत मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्याने कानांत बोटं घातली.

टोपीचं त्याला सांगायचं राहिलं.